कस आलाय

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीला माझं सगळं ठाऊक असतं, तिलाही नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर तर इतकी वर्षं हसत बसले. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. उत्तर तयार नसताना बोलायला बसायची मला सवय नाही, आज बसले आहे एवढंच.

सवयींचं आधी सांगते. मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजच्या दारावर यादी, पर्समध्ये यादी, दिवाळीच्या फराळाची यादी गणपतीतच तयार. हिमायतनगरच्या आमच्या घरात एखादी वस्तू हरवली असं सहसा होत नाही. हैदराबादच्या एका जुन्या हॉटेलात मी बरीच वर्षं सामानाचं भांडार सांभाळते. त्या हॉटेलचं नाव सांगत नाही. तांदळापासून टेबलक्लॉथपर्यंत काय आलं, काय गेलं, कुठे पडलंय, ते मला विचारायचं. माझं काम मी चोख करते. हे बढाई म्हणून नाही सांगत. पुढे जे सांगणार आहे ते गडबडीत झालं, गोंधळात झालं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून सांगते. मी गोंधळत नाही. त्या दिवशीही गोंधळले नव्हते.

हॉटेलचे मालक सक्सेना साहेब. कायस्थ घराणं, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं, घरात बोली उर्दू. साहेब स्वतः व्हिस्कीचे. वाइनला ते ‘लाल शरबत’ म्हणायचे, पण गिऱ्हाईक मागतं म्हणून तळघरात एक गार खोली करून तिथे बाटल्या ठेवल्या होत्या. त्या खोलीचे प्रमुख माणिकराव.

माणिकराव मूळचे भालकीकडच्या शेतकरी घरातले. आजोबा हैदराबादेत आले, गौलीगुड्यात राहिले, तिथेच हे वाढले. माझ्यापेक्षा वयाने मोठे, हुद्द्याने बरोबरीचे. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. अत्तराचा शौक भारी, फक्त वाइन चाखायच्या दिवशी अत्तर बंद. तापमानाचा तक्ता भरायचा मात्र त्यांना भयंकर कंटाळा. मी खाली उतरले की भिंतीवरचा तक्ता अर्धा कोरा. मी तो भरायला लागले की मागून आवाज यायचा,

“काय लिवलालाव वैनी? बाटल्या पळून चालल्या का?”

“तुम्ही लिहीत नाही म्हणून मी लिहिते.”

“लिवा, लिवा. वाइनीला वाचता येत असतंय तर बरंच झालं असतं.”

असं आमचं चालायचं. मला ते आवडायचे का? — आवडायचे. रागही यायचा. दोन्ही एकाच दिवसात. विशेषतः एका गोष्टीचा राग यायचा, ती आताच सांगून टाकते. त्यांची जीभ माझ्यापेक्षा चांगली होती. मी आयात करणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, शिकवणी लावली, जगभरच्या द्राक्षांची नावं पाठ केली. आणि हे गृहस्थ ग्लास पांढऱ्या रुमालासमोर धरून बघायचे, नाक आत घालायचे, घोट तोंडात खळखळवून बादलीत थुंकायचे. (“आमचे वडील पान खायाचे, वैनी. थुंकणं आमच्या घरचं.”) आणि मग जे बोलायचे ते बरोबर निघायचं. माहितीपत्रकात ब्लॅकबेरी लिहिलेली असायची. ती दोघांनीही कधी पाहिली नव्हती. मी ब्लॅकबेरी म्हणायचे. ते म्हणायचे, “जांभूळ. पण झाडावरचं नाही, खाली पडून उन्हात बसलेलं.” आणि मी परत वास घ्यायचे, तर खरंच तेच.

तर ती वाइन.

दक्षिण फ्रान्सची होती. तांबडी, तीन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली — कारिन्यान, ग्रनाश आणि सिरा. ती आणणारा माणूस म्हणाला, वेली फार जुन्या आहेत, बुंधे मांडीएवढे झालेत. जुनी वेल घड कमी देते, पण मुळं इतकी खोल गेलेली असतात, की जे थोडं देते ते दाट देते. हे ऐकताना माणिकराव मान डोलवत होते. “आमच्या शेतात एक म्हातारी चिंच होती, तिचं असंच. चार चिंचा देईल, पण डोळे मिटतील अशा.” त्या दिवसापासून त्या वाइनचं नाव पडलं — फ्रान्सची म्हातारी. आम्ही बऱ्याच पेट्या घेतल्या आणि आडव्या ठेवून दिल्या.

आल्या आल्या एक बाटली फोडून बघितली. जिभेवर घेतली तर कच्चं केळं चावल्यासारखं झालं — तोंड कोरडं, हिरड्या आवळलेल्या. मी म्हणाले, दोन-तीन वर्षांत मेनूवर घालू. माणिकराव म्हणाले, नाही. “झोपलीय ती. उठवायची नाही.”

त्यांचं म्हणणं साधं होतं, मी माझ्या शब्दांत सांगते. तांबड्या वाइनमध्ये तुरटपणा असतो, द्राक्षांच्या सालींतून आणि बियांतून आलेला. वर्षं जातात तसा तो विरघळत जातो. पण तो विरघळेपर्यंत वाइनमध्ये दुसरं काही उरलं पाहिजे ना? दम उरला पाहिजे. आपण जमिनीत कस आहे म्हणतो, धान्य कसदार आहे म्हणतो — तसा कस. कस नसेल तर तुरटपणा गेल्यावर हातात नुसतं लाल पाणी. कस असेल तर थांबायचं. दरवर्षी पाऊस संपला की आम्ही एक बाटली फोडायचो, आणि माणिकराव तेवढंच शोधायचे — कस आला का? आणि दरवर्षी मी म्हणायचे काढा आता, आणि ते म्हणायचे ठेवा. मी तक्त्याकडे बोट दाखवायचे, ते जिभेकडे.

मी गोल गोल फिरते आहे, कळतंय मला. येते मुद्द्यावर.

राज्य दोन झालं तो काळ. तेलंगण वेगळं झालं, आंध्र वेगळं. गाड्यांच्या पाट्यांवर एपीचं टीएस झालं, ऑफिसांच्या कपाटांवर ‘हे कुठलं’ म्हणून चिठ्ठ्या लागल्या, सरकारी नोकर इकडे की तिकडे म्हणून हैराण. जो भेटेल तो विचारायचा, तुमचं गाव कुठलं? आम्हा मराठी माणसांची गंमतच. आमच्या आजोबांच्या वेळी मराठवाडा निघून गेला तेव्हा आमचं घर इथेच राहिलं होतं. आता तेलुगू माणसं आपसात वाटणी करत होती आणि आम्ही दोन्ही याद्यांत नव्हतो. माणिकराव म्हणायचे, “आपण तिसरं राज्य मागू, वैनी. गौलीगुडा ते हिमायतनगर. राजधानी काचीगुडा.” सगळा स्टाफ हसायचा.

मग साहेबांनी ठरवलं की विजयवाड्यात हॉटेल काढायचं. नवं राज्य, नवी ऑफिसं, तिकडे माणसं येणार, त्यांना उतरायला जागा लागणार. आणि त्याबरोबर हेही ठरलं की इथलं भांडार आणि तळघर एकाच माणसाच्या हाताखाली यायचं, आणि दुसऱ्याने कायमचं तिकडे जायचं. दुसरा म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. आम्ही दोघंच होतो.

माणिकरावांची बायको, शालिनीबाई, मराठी शाळेत शिकवायच्या. हैदराबादेत मराठी शाळा आहेत, विजयवाड्यात कुठल्या असणार? त्यांची नोकरी इथेच. मुलगी शाळेत जाणारी. गौलीगुड्याच्या घरात वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना गल्लीतली माणसं सोडून कुणी नको असायचं. माणिकराव मला स्पष्ट म्हणाले होते, आणि तेव्हा ते हसत नव्हते — “वैनी, मला गेलं तर जमायचं नाही. घर फाटंल माझं.” हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि माझं? माझं काय फाटणार होतं? नवऱ्याची वकिली इथल्या कोर्टात होती, तो आला नसता. मुलगा कॉलेजात होता, त्याला मी असून नसून सारखंच. मला जायचं नव्हतं, इतकंच. माझं घर माझ्या मनासारखं लागलं होतं. माझा दिवस माझ्या मनासारखा चालत होता. दुसऱ्या गावात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करावी आणि तळघर त्यांच्याकडे राहावं — हे मला नको होतं. यात आणखी काही शोधू नका, नाही सापडणार.

पाऊस संपला होता. साहेबांनी आम्हाला दोघांना दुपारी त्यांच्या खोलीत बोलावलं. नव्या हॉटेलच्या आधी इथे मोठ्या मेजवान्या ठरत होत्या, म्हाताऱ्या वाइनचं काय करायचं ते त्यांना एकदाचं मिटवायचं होतं. माणिकरावांनी बाटली आणली, हळू ओतली. स्वतः घेतली. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते — मिशा वर गेल्या, कपाळाची आठी सुटली. मग मी घेतली.

आला होता.

तुरटपणा अजून होता, चांगलाच. पण त्याच्या मागून काहीतरी भरून येत होतं, तोंडाच्या मधोमध, आणि गिळल्यावरही जात नव्हतं. उन्हात बसलेलं जांभूळ, पावसानंतरची माती, आणि खाली कुठेतरी दालचिनीसारखं. इतकी वर्षं ते शोधत होते ते हेच, हे मला पहिल्याच घोटात समजलं. आणखी चार-पाच वर्षं ठेवली तर ही काय होईल, तेही समजलं.

साहेबांनी विचारलं, “हां माणिकराव, क्या बोलते?”

माणिकरावांचा चेहरा फुलला होता. साहेबांशी ते दखनीत, म्हणजे इथल्या हैदराबादी उर्दूत बोलायचे, आणि दखनी बोलताना मनातलं मराठी तसंच उचलून ठेवायचे. आम्ही सगळेच ठेवतो. शब्द ओलांडून पलीकडे जाईल असं आपण गृहीत धरतो. ते म्हणाले,

“साहेब, कस आया है. क्या बोलूं — जबरदस्त कस आया है!”

आता इथे थांबते. तुम्ही मराठी वाचणारे, तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही. पण साहेबांच्या घरात या शब्दाचा दुसराच अर्थ होता. पितळेच्या भांड्याची कल्हई उडालेली असेल आणि त्यात दही राहिलं, तर ते बिघडतं ना? आपण म्हणतो, दही कळकलं. ते म्हणायचे, दही में कस आ गया. एकदा त्यांच्याकडे जेवणाचा मोठा घाट होता, मी सामान घेऊन गेले होते, तेव्हा बेगमसाहेबांना — आम्ही त्यांच्या पत्नीला तसं म्हणायचो — मी स्वतः ऐकलं होतं. पातेलं नाकाशी नेलं आणि ओरडल्या, “कस आ गया इसमें, फेंको!” बाजारची दखनी माणिकरावांना माझ्याहून फर्डी यायची. पण हा शब्द बाजारातला नव्हता, स्वयंपाकघरातला होता. त्यांच्या कानावर तो कधी आला नसणार.

माझ्या आला होता.

साहेब चमकले. ग्लास उचलला, एक घोट घेतला. व्हिस्की पिणारा माणूस, त्याला तांबड्या वाइनचा तुरटपणा कसा रुचणार? तोंड वाकडं झालं. जीभ टाळ्याला लावून बघितली. माणिकराव काहीतरी पुढे बोलणार होते — ठेवू या म्हणून सांगणार होते — साहेबांनी हात वर केला. साहेबांचा हात वर झाला की आमच्याकडे कुणी बोलत नसे. ते माझ्याकडे वळले.

“मॅडम, ये बोल रहे कस आया है. सही बात?”

मला किती वेळ मिळाला असेल? दोन्ही अर्थ माझ्यासमोर असे ठेवलेले होते, जसे दोन डबे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — साहेब, मराठीत कस म्हणजे ताकद. एका वाक्याचं काम. माझ्या रोजच्या कामात मी अशी पन्नास वाक्यं बोलते.

मी म्हणाले, “जी साहेब. माणिकराव ठीक बोल रहे.”

बघा, खोटं एक अक्षर नाही. माणिकराव ठीकच बोलत होते. म्हणून तर मी ते वाक्य निवडलं — निवडलं, तोंडातून निसटलं नाही. उद्या कुणी विचारलंच, तर माझं वाक्य कुठल्याही बाजूने खरं ठरावं, याची मी तेवढ्यात व्यवस्था केली. मी व्यवस्थित बाई आहे, सांगितलं ना.

साहेब “अच्छा” म्हणाले. ग्लास दूर सारला. माणिकराव बाटलीला बूच लावून बाहेर पडले आणि व्हरांड्यात थांबले माझ्यासाठी. मी बाहेर आले तर हात जोडून उभे.

“वैनी! आज पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोललाव. आज कसं काय, सूर्य काचीगुड्याकडनं उगवला?”

मी हसले.

साहेबांनी मला परत एकटीला बोलावलं. म्हणाले, “हंसते हंसते बोल दिया, देखे आप? माल बिगाड के हंस रहे.” तळघराची गार खोली नीट चालत नसणार, तक्ता भरला जात नाही हे त्यांना ठाऊक होतंच — ठाऊक का होतं? मीच कधीकधी सांगितलेलं होतं. उघडं दार, गेलेला करंट, उन्हाळा, सगळं त्यांनी आपोआप जुळवलं. “विजयवाडा में तहखाना नहीं है. उधर बँक्वेट देखेंगे माणिकराव. इधर आप संभालो. और वो बोतलें किचन में दे दो, सालन में डाल लेंगे.” मोठ्या मनाचा माणूस होता, चारचौघांत त्याने माणिकरावांचा अपमान केला नाही. पुन्हा कधी तो विषयही काढला नाही. माझ्या दृष्टीने हे फारच सोयीचं झालं.

इथे मला दुसरी संधी होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, बोलायला सवड होती. मी “जी” म्हणाले.

आणि आता तुम्ही म्हणाल, कदाचित त्या क्षणी बाईला वाइन खरंच बिघडल्यासारखी वाटली असेल. मी तुम्हाला तीही सोय ठेवत नाही. वाइन बिघडली असं मला वाटलं असतं तर मी बाटल्या स्वयंपाकघराला दिल्या असत्या. मी दुसऱ्याच कुठल्या तरी हलक्या तांबड्या वाइनच्या पेट्या आचाऱ्याकडे पाठवल्या आणि म्हातारीला खोलीच्या आतल्या कोपऱ्यात हलवलं, गोणपाट टाकून. दर आठवड्याला तिथलं तापमान बघत होते. यावरून काय ते समजा.

माणिकरावांना बदलीचं कळलं तेव्हा ते सरळ माझ्याकडे आले. चेहरा पांढरा. “मी काय केलं वैनी?” असं विचारलं त्यांनी. आणि मी — हे सांगताना मला अजून पाणी प्यावंसं वाटतं — मी म्हणाले, “काही केलं नाहीत. साहेबांचा तुमच्यावर भरवसा आहे, म्हणून नवीन जागा तुमच्या हाती देतायत.” त्यांनी ते धरून ठेवलं. माणसाला जायचंच असेल तर काहीतरी धरायला लागतं. तेवढं मी त्यांना पुरवलं, भांडारातून वस्तू काढून द्यावी तसं.

ते गेले. वडील वारले तेव्हा ते रस्त्यात होते. मुलगी मोठी झाली ती सुट्टीच्या दिवसांत. शालिनीबाई इथे, हे तिकडे. मधून मधून फोन यायचा, कामाचं बोलून झालं की हमखास विचारायचे, “आपली म्हातारी कशी हाय? उठली का?” मी म्हणायचे, “झोपलीय अजून.” ते खूश व्हायचे. “झोपू द्या. घाई करू नका, वैनी, तुम्हाला घाई लई.” दर मोसमात तिकडच्या पूतरेकुलूंचा डबा पाठवायचे, ती पापुद्र्यापापुद्र्याची मिठाई. डब्यावर चिठ्ठी, ‘वैनींना’. मी खायचे का? खायचे. चांगली असायची.

मग काही वर्षांनी साहेबांच्या मुलाने सूत्रं हातात घेतली. परदेशात शिकून आलेला, वाइन समजणारा. बाहेरचे काही बडे पाहुणे जेवायला येणार होते आणि त्याने विचारलं, मॅडम, तळघरात काही खास आहे का? मी गोणपाट काढलं.

ती बाटली मी स्वतः ओतली. काय झाली होती ती! तुरटपणा असा मऊ झाला होता, की ओठांवर नुसती मखमल. जांभूळ आता वाळलेल्या अंजिराकडे झुकलेलं, माती, थोडं जुनं चामडं, आणि मागे ती दालचिनी तशीच. घोट गेल्यावर पाहुण्यांनी ग्लास परत पुढे केले. माणिकराव जेवढं थांबा म्हणाले असते तेवढं थांबून मी ती काढली होती — त्यांचाच हिशेब, त्यांचीच जीभ. पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, ही इतकी वर्षं कुणी राखली? साहेबांचा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “हमारी मॅडम. इनकी जुबान का जवाब नहीं.”

मी मान किंचित झुकवली. आणि मग तिच्याविषयी बोलले. मूळ जुनं असलं की दम कसा टिकतो, झाडावरचं जांभूळ वेगळं आणि खाली पडून उन्हात बसलेलं वेगळं. सगळे ऐकत राहिले. त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

त्यानंतर त्या वाइनची मागणी झाली. एकेक करत सगळ्या बाटल्या संपल्या. माणिकरावांचा फोन आला तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हणाले, “झोपलीय.”

साहेब आता नाहीत. त्या खोलीतलं ते वाक्य ऐकलेली माणसं आता दोनच आहेत, आणि त्यातल्या एकाला ते उलटं समजलेलं आहे.

अलीकडे माणिकराव निवृत्त झाले. विजयवाड्याला निरोपाचा समारंभ होता, मी गाडी करून गेले. आधी त्यांच्या खोलीवर चहा झाला. शालिनीबाई आल्या होत्या, बांधाबांध करत होत्या. एका माणसाची खोली — एक ताट, एक खुर्ची, भिंतीवर शाळेची दिनदर्शिका, त्यात शालिनीबाईंच्या सुट्ट्यांवर लाल गोल. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. अत्तराचा वास मात्र भरपूर. मी म्हणाले, “आज भारीच अत्तर?” तर म्हणाले, “आता कुठं चाखायचं आहे, वैनी. इथं आल्यापासून ग्लासात नाक घातलं नाही. बँक्वेटमध्ये काय, पनीर आणि खुर्च्या.”

शालिनीबाई हसत म्हणाल्या, “आमचा निम्मा संसार बसस्टँडवर झाला बघा. हे उतरायचे की मी डबा घेऊन उभी, आणि हे चढायचे की मी डबा घेऊन उभी. तिथला चहावाला आम्हाला नवीन लग्न झालेलं समजायचा.” माणिकरावही हसले. मीही हसले.

समारंभाला सगळा स्टाफ होता. माणिकराव तेलुगूत बोलले, थोडं दखनीत, माणसं पोट धरून हसत होती. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, मग बाकीच्यांसाठी तेलुगूत सांगितलं, “ह्या आमच्या वैनी. आम्ही रोज भांडायचो. पण ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी साहेबांसमोर ह्यांनी माझी बाजू घेतली. म्हणून साहेबांनी ही जागा माझ्या हाती दिली. हे मी विसरलो नाही.” टाळ्या झाल्या. एक हार जास्तीचा होता, तो त्यांनी माझ्या गळ्यात घातला. शालिनीबाईंनी माझा हात हातात घेतला.

त्या सभागृहात मराठी कळणारी आम्ही तिघंच होतो. तिथेच खरं सांगून टाकलं असतं तर बाकी कुणाला काही कळलंही नसतं. मी मराठीत “धन्यवाद” म्हणाले आणि बसले.

माणिकरावांना हैदराबादेतून मी घालवलं. त्यांचं घर मी दोन गावांत ठेवलं. त्यांची वाइन मी माझी म्हणून पाजली. यातलं त्यांना काही माहीत नाही. मला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून.